आधी चावी की आधी पैसे?

वारज्यातलं घर सोडायचं ठरलं तेव्हा शेजारच्या वहिनींचा पहिला सल्ला होता, “शेवटच्या तीन महिन्यांचं भाडं भरूच नका. डिपॉझिटमधून वळतं करा म्हणावं. नंतर मागत बसलात तर चपला झिजतील.” आमच्या सोसायटीतले बरेच भाडेकरू हेच करत. नवऱ्यालाही ते पटलं होतं. मला पटलं नाही, आणि त्याचं कारण तत्त्वाबित्त्वाचं नव्हतं. भाडं डिपॉझिटमधून वळतं करता येणार नाही, अशी ओळ आमच्या करारात होती. ती आम्हीच मोडली असती, तर पुढच्या प्रत्येक वादात काकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं असतं.

काका म्हणजे आमचे घरमालक. निवृत्त, चिंचवडला राहणारे, बोलायला गोड. भाडं २२,०००, डिपॉझिट ७५,०००. दर अकरा महिन्यांनी नवा लिव्ह अँड लायसन्स करार व्हायचा आणि डिपॉझिट तेच पुढे चालायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. काकांनी कधी हयगय केली नाही. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच यायचा. घर काका-काकू दोघांच्या नावावर, आणि काकूंचा अंगठा काही केल्या उमटायचा नाही. मग एजंट म्हणायचा, “काकू, अंगठा जरा कपाळाला घासा, तेलकटपणा आला की घेतं मशीन.” आणि घ्यायचं.

अशाच एका वेळी मुद्रांक शुल्काचा हिशेब मी नीट पाहिला. करारातल्या एकूण भाड्यावर पाव टक्का शुल्क. पण त्या भाड्यात सरकार आणखी एक रक्कम मिळवतं : परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने व्याज. आमच्या ७५,००० वर वर्षाचे साडेसात हजार. म्हणजे डिपॉझिट मालकाच्या कपाटात पडून राहत नाही, ते त्याला कमाई करून देतं, असं सरकारच धरून चालतं. भाडेकरूच्या वाट्याला मात्र करारातली ओळ येते : “ताबा परत देतेवेळी, थकबाकी वजा करून, बिनव्याजी परत.”

एक महिन्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे दिली. काका म्हणाले, “अगं, एवढं लेखी कशाला? घरचेच आहात तुम्ही.” पुढच्या रविवारी काका-काकू घर बघायला आले. काकूंनी नळ सोडून पाहिले, गीझर लावून पाहिला, ट्रॉल्या ओढून पाहिल्या. काका भिंतींकडे बघत होते. हॉलमध्ये आमच्या चिरंजीवांनी खडूने काढलेली रेल्वे होती, दाराजवळ खिळ्यांची भोकं होती आणि आतल्या खोलीत खिडकीखाली ओल होती. “सगळं घर रंगवावं लागेल. पंचवीस हजार तरी धर,” काका म्हणाले.

रेल्वे आमची होती, ती मी लगेच कबूल केली. ओल आमची नव्हती. राहायला आलो त्या दिवशी सामान चढायच्या आधी मी प्रत्येक खोलीचे फोटो काढून काकांना पाठवले होते. ओलीचा फोटो त्यात होता आणि खाली काकांनी उत्तरादाखल टाकलेला अंगठा होता. मी फोन पुढे केला. काकांनी चष्मा वर करून तो अंगठा बराच वेळ न्याहाळला. काकू म्हणाल्या, “अहो, ती ओल वरच्यांच्या बाथरूमची. मी तेव्हाच सांगितलं होतं.” करारात ‘नैसर्गिक झीज वगळता’ असे शब्द होतेच. इतक्या वर्षांत फिकट झालेला रंग ही झीज, खडूची रेल्वे हे नुकसान. इतपत वाटणी झाल्यावर पंचवीस हजारांचे तीन हजार झाले, हॉलच्या एका भिंतीचे.

बंगळूरला राहणाऱ्या मावसभावाला हे सांगितलं तर तो हसला. त्याच्याकडे दहा महिन्यांचं डिपॉझिट घ्यायची जुनी रीत आणि घर सोडताना रंगाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापायचं, हे जवळजवळ ठरलेलंच. ऑफिसातल्या एकीने तेवढ्यात एक फॉरवर्ड पाठवला : दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही! शोधलं तर तो २०२१ चा केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा निघाला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा खरोखर आहे, पण तो राज्यांसमोर ठेवलेला नमुना आहे. राज्याने स्वतः स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. काकांपुढे तो नाचवण्यात अर्थ नव्हता.

खरी गाठ रंगाची नव्हतीच. ती पुढे कळली. “पैसे देतो गं, पण नवीन भाडेकरू येऊ दे,” काका म्हणाले. डिपॉझिट त्यांच्याकडे नव्हतं. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला ते केव्हाच खर्च झालं होतं. नव्या भाडेकरूचं येईल तेव्हा आमचं जाईल. मला आम्ही राहायला आलो तो आठवडा आठवला. आमच्या आधीचा मुलगा जिन्यात भेटून विचारत होता, “तुम्ही डिपॉझिट भरलंत का?” तेव्हा मला ती नसती चौकशी वाटली होती. त्याचे पैसे आम्ही दिले होते, आता आमचे तिसरं कोणीतरी देणार होतं. इकडे नव्या घराच्या मालकीणबाईंना डिपॉझिट आधी हवं होतं. त्यामुळे मधल्या काळात आमचे दोन घरांचे पैसे अडकलेले, आणि नव्या घरासाठी मी दिराकडून हातउसने घेतलेले.

नवरा म्हणाला, “पैसे नाहीत तर चावी नाही.” ऐकायला बरं वाटतं. पण भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ सांगतं की मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते, आणि ताबा मिळवायला मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. भाडेकरूने आपल्या ७५,००० साठी काय करायचं? पोलिसांत गेलं तर ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ ऐकायचं आणि दिवाणी दावा लावायचा. एवढ्या रकमेसाठी तो कोण लावतो? हे मालकालाही ठाऊक असतं. डिपॉझिट बुडतं ते बहुतेक वेळा या हिशेबावर. त्यात मालक लबाड असायलाच हवा असं नाही.

मग मी काकांना सरळ विचारलं, “आज किती देऊ शकता?” चाळीस, ते म्हणाले. सामान गेलेल्या रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून हिशेब मांडला. महावितरणचं बिल अजून यायचं होतं, म्हणून मीटरचा फोटो काढून मागच्या बिलाच्या आकड्यावरून १,४०० धरले. ट्रॉलीच्या तुटलेल्या चॅनेलचे ६००. भिंतीचे ३,०००. राहिले ७०,०००. चाळीस तिथेच फोनवर आले. तीसचा पुढच्या तारखेचा चेक काकूंनी त्यांच्या खात्याचा दिला. काका कुरकुरले, काकूंनी लक्ष दिलं नाही. कागदाखाली लिहिलं : आज रिकामा ताबा मिळाला, चाव्या मिळाल्या, ३०,००० देणं बाकी. तारीख घालून चौघांनी सह्या केल्या. ताबा दिल्याचा पुरावा झाला, त्यामुळे दुप्पट भाड्याची टांगती तलवार गेली, आणि बाकी रक्कम त्यांच्याच सहीने कबूल झाली. मग चाव्या दिल्या.

चेक वटला. त्याआधी काकांचा दोनदा फोन आला, “जरा थांबून टाकशील का?” मी थांबले. तोवर तिथे नवं जोडपं राहायला आलं होतं आणि त्यांच्याकडून काकांनी एक लाख डिपॉझिट घेतलं होतं.

नव्या घराचा करार करताना मी एजंटला तीन ओळी घालायला लावल्या. पैसे आणि चावी एकाच वेळी. रंगाची जास्तीत जास्त कपात किती, तो आकडा. आणि पैसे द्यायला उशीर झाला तर १० टक्के व्याज, सरकार शुल्कासाठी धरतं तेच. “असं कोणी लिहीत नाही, मॅडम,” एजंट म्हणाला. मालकीणबाईंनी तीन ओळी दोनदा वाचल्या, रंगाचा आकडा दोन हजारांनी वाढवून घेतला आणि यंत्रावर अंगठा ठेवला.