सूर्य बुडाल्यावरची वीस मिनिटं

मे महिन्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सहा वर्षं नोकरी करून हे मला कळलं ते फोटोग्राफीच्या वर्कशॉपमध्ये! मंगळवार-गुरुवार ऑफिसातून लवकर सटकायचं आणि वेताळ टेकडी गाठायची. सरांचा पहिला नियम: ऑटो मोड बंद. सूर्यासमोर कॅमेरा धरून एक्सपोजर आकाशावर मोजलं, तर माणसं काळ्या आकृत्या होतात; माणसांवर मोजलं, तर आकाश पांढरंफटक. काय सोडायचं ते आपणच ठरवायचं.

सूर्य बुडाला की फिरायला आलेली मंडळी निघतात. पण निळा उजेड अजून वीसेक मिनिटं असतो. ट्रायपॉड, आयएसओ १००, शटर दोन सेकंद... मॅनेजरला सांगून टाकलंय, तेवढा वेळ फोन उचलणार नाही. अजून तरी नोकरी शाबूत आहे :)