खजिना कुणाच्या नावावर?

महाड, सोमवार रात्र

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

महाडला सुखरूप पोचले. आंबेनळी घाटात एसटीने घेतलेल्या वळणांची चर्चा आईसमोर नको. लॉजवाल्याने आल्या आल्या २०२१ च्या पुराची रेघ भिंतीवर दाखवली, ती माझ्या डोक्याच्याही वर होती. दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता, तो मला आवडला.

काल फोनवर दादा काय सांगत होता ते तुम्हाला नीट ऐकू आलं नसणार, म्हणून लिहिते. त्याच्या घरापासून जवळ नेवार्क शहर आहे. तिथल्या एका खाणावळीत २३ ऑक्टोबर १९३५ च्या रात्री डच शुल्ट्झ नावाच्या गुंडाला गोळ्या घातल्या. खरं नाव आर्थर फ्लेगेनहायमर. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर गबर झालेला. दुसऱ्या दिवशी तो मेला, पण तोवर तापात जे बरळला ते पोलिसांच्या लघुलेखकाने उतरवून घेतलं. आख्यायिका अशी की, इन्कम टॅक्सचा खटला मागे लागल्यावर त्याने पाणी शिरणार नाही अशी लोखंडी तिजोरी करवून घेतली, तीत रोकड, रोखे आणि सोन्याची नाणी मिळून सत्तर लाख डॉलर भरले आणि कॅट्सकिलच्या डोंगरात फिनिशिया गावाच्या आसपास ती पुरली. पुरताना सोबत होता म्हणतात तो अंगरक्षकही त्याच गोळीबारात गेला. जागा सांगणारं कुणी उरलं नाही. आज नव्वद वर्षांनीही लोक फावडी घेऊन तिथे जातात, आणि त्या बरळण्यातून नकाशा काढणारे पंडित तर वेगळेच.

दादाचा प्रश्न होता, "तुझ्या त्या कोकणात आहे का असा कुणी?"

महाडात हा प्रश्न विचारला की लोक उत्तरेकडे बोट दाखवतात, रायगडाकडे. सभासदाच्या बखरीत बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनाची नोंद आहे, आणि १६८९ साली गड झुल्फिकारखानाच्या हाती गेल्यावर ते सिंहासन कुठे गेलं यावर इथे प्रत्येकाचं ठाम मत आहे. रिक्षावाल्याच्या मते गंगासागर तलावात, लॉजवाल्याच्या मते मोगलांनी तोडून नेलं. माझा कल लॉजवाल्याकडे. एवढं सोनं समोर असताना जिंकणारं सैन्य ते न बघता निघून जाईल, हे पटायला भाबडेपणा लागतो.

खरा हाती लागलेला पैसा मात्र दप्तरात असतो. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांनी रायगड पाडला, तेव्हा बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती. गडावर पाच लाखांची नाणी इंग्रजांना मिळाल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. पण त्या पाच लाखांची गोष्ट महाडात कुणी सांगत नाही. सापडलेल्या धनात काय मजा!

आईला म्हणावं, चवदार तळ्यापाशी जाऊन आले. पाणी हिरवट आहे, पण काठ स्वच्छ ठेवलाय.

तुमची
सुमा

—

कशेडी घाट, बुधवार दुपार

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र जुन्या घाटात एका चहाच्या टपरीवर बसून लिहितेय. पोलादपूर सोडलं की भोगावपासून चढ लागतो आणि वर आल्यावर खेडची हद्द. २०२३ च्या गणपतीत बोगद्याची एक बाजू सुरू झाली तेव्हापासून मुंबईची गाडी डोंगराच्या पोटातून काही मिनिटांत पलीकडे जाते. वरच्या वळणांवर आता माझ्यासारखे रिकामटेकडे, नाहीतर वाट चुकलेले. टपरीवाल्या काकांना मी खजिन्याचं विचारलं. ते भज्यांचा घाणा काढत होते. झारा कढईवर निथळत ठेवून म्हणाले, "सोनं कुठलं हो ताई, आमचं गिऱ्हाईक पुरलंय त्या बोगद्यात. ते आधी काढा." मी गप्प बसून दोन प्लेट भजी घेतली.

घाटाच्या या टोकाला मोऱ्यांची जावळी पाठीशी येते. १६५६ च्या जानेवारीत महाराजांनी जावळी घेतली आणि मोऱ्यांच्या कित्येक पिढ्यांची शिल्लक स्वराज्याच्या कामी आली. प्रतापगडाच्या दगडांत त्यातले किती पैसे आहेत, हे तुम्हीच कधीतरी हिशोबाने मांडा. पण तेही धन पुरलेलं नव्हतं, जिंकलेलं होतं.

दादाला हवा तो गुंड घाटाच्या पलीकडे आहे. इथून उतरलं की खेड, आणि खेड तालुक्यात मुंबके. दाऊद इब्राहिमचं मूळ गाव. वडील मुंबई पोलिसांत हवालदार, मुलगा १२ मार्च १९९३ च्या स्फोटांतला फरारी आरोपी. २५७ माणसं गेली त्या दिवशी. तुम्ही त्या रात्री रेडिओला कान लावून बसला होतात, एवढं मला आठवतं.

हा माणूस दुबई आणि कराचीला गेला, पण गोष्टींतला खजिना मागे सोडून गेला असावा अशी सगळ्यांची कल्पना. कारणही आहे. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाच्या सोन्यावर बंधनं आली आणि १९९० ला तो कायदा गेला. मधल्या वर्षांत दहा तोळ्यांची बिस्किटं कोकणच्या खाड्यांतून रात्री उतरायची. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांना ती कमरपट्ट्यात भरून नेत असत हे अजून तोंडपाठ आहे. एवढं सोनं येऊन गेलं म्हणजे एखादी पेटी कुठेतरी मागे राहिलीच असणार, असा तर्क आपसूक निघतो.

मला त्या पेटीपेक्षा रायगड जिल्ह्यातली एक खरी घटना जास्त बोलकी वाटते. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला माल उतरला आणि गाड्या म्हसळ्याकडे निघाल्या. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवलं. तपासणी झाली नाही, घासाघीस झाली. ठरलेली पूर्ण रक्कम तस्करांजवळ नव्हती, म्हणून चांदीच्या विटा पोलिसांकडे तारण ठेवून गाड्या पुढे गेल्या. हे पुढे टाडा न्यायालयात सिद्ध झालं आणि त्या फाट्यावरच्या पोलिसांना शिक्षा झाल्या. आप्पा, तारण! सराफाच्या पेढीवर गृहस्थ पाटल्या ठेवतो तशा चांदीच्या विटा, रात्री, हमरस्त्यावर. त्या विटा नंतर सोडवून नेल्या गेल्या. पुरून ठेवणाऱ्यांचा धंदा असा चालत नाही. माल सतत हातातून हातात जायला लागतो. जमिनीत गेलेलं सोनं त्यांच्या लेखी बुडीत खातं.

मग गुंडाचं धन कुठे राहिलं? सातबाऱ्यावर. तुमच्याच तलाठी कचेरीच्या कपाटात राहिलं म्हणा ना. मुंबक्याच्या जमिनी त्याच्या आईच्या नावावर होत्या. १९७६ च्या सफेमा कायद्याखाली सरकारने त्या जप्त केल्या, आणि मग लिलाव. २००० साली त्याच्या मुंबईतल्या मालमत्तेचा पहिला लिलाव पुकारला, तर बोलीला कुणी फिरकलंच नाही. भीती. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबक्याचं घर ११ लाख २० हजारांना गेलं. तोवर भीतीची जागा हौसेने घेतली होती.

आता ५ जानेवारी २०२४ चा लिलाव बघा, यातले आकडे तुमच्यासाठी मी मुद्दाम वहीत मांडून ठेवलेत. चार शेतजमिनी पुकारल्या, त्यातल्या दोन जमिनींना बोलीच आली नाही. एक होती १७०.९८ चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांहूनही कमी. राखीव किंमत १५,४४० रुपये. बोली गेली २ कोटी १ लाखावर. राखीव किमतीच्या तेराशे पट! त्याच गावातली दुसरी, १,७३० चौरस मीटर, सतरा गुंठे, तिला ३ लाख २८ हजार. एका गावात, एकाच दिवशी, एकाच मालकाची जमीन. एकीला चौरस मीटरला एक लाख सतरा हजार आणि दुसरीला एकशे नव्वद. तुम्ही तलाठी असताना असा दर कुणी सांगितला असता तर तुम्ही त्याला आधी पाणी प्यायला दिलं असतंत.

ती महागडी बोली दिल्लीच्या एका वकिलांची. सर्व्हे नंबर आणि रकमेचे आकडे त्यांच्या अंकशास्त्रात जुळतात, असं त्यांनी वार्ताहरांना सांगितलं. तिथे सनातन पाठशाळा काढणार म्हणाले. मला हे वाचून फिनिशियाच्या डोंगरातले लोक आठवले. ते बरळण्यातून आकडे काढतात, हे सर्व्हे नंबरातून.

भजी बरी होती. तेल मात्र कालचं.

तुमची
सुमा

—

खेड, गुरुवार

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

मुंबक्याला गेले नाही. एका फरारी माणसाच्या पडक्या घरासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांत मला भर घालायची नव्हती, आणि गावातल्या बाकीच्या लोकांना रोज हेच विचारलं जात असणार याची लाजही वाटली. जगबुडीच्या पुलावर थोडा वेळ थांबले आणि एसटी स्टँडवर परतले.

काल रात्री १८७८ चा निखात निधी कायदा पुन्हा वाचला. तो तुम्हाला पाठ आहे, पण एक गंमत सांगते. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. मग चौकशी, जाहीर सूचना, आणि गेल्या शंभर वर्षांत ते पुरणारा किंवा त्याचा वारस असेल तर त्याने यावं आणि हक्क सांगावा. म्हणजे समजा घाटाच्या अलीकडे, पोलादपूरच्या बाजूला, टपरीवाल्या काकांच्या कुदळीला खरंच बिस्किटांची पेटी लागली, तर पुरणाऱ्याला स्वतः किंवा मुखत्यारामार्फत अलिबागला कलेक्टर कचेरीत हजर व्हावं लागणार. कराचीहून. त्यापेक्षा बिस्किटं सोडून दिलेली बरी.

हसण्यावारी नेतेय, पण गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे माणसं मेलीत. परभणीच्या मानवतमध्ये १९७२ ते ७४ या काळात बायका आणि लहान मुलींचे खून झाले ते याच नादातून. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत गुप्तधनाचा उल्लेख उगाच आलेला नाही. मागे आपल्या गावात देवळामागे खणणाऱ्या त्या तिघांना तुम्ही पोलीस पाटलाकडे नेलं होतंत, तेव्हा आई तुम्हाला म्हणाली होती की गरिबांच्या मागे लागता. मला तेव्हा आईचं पटलं होतं. आता तुमचं पटतं.

दादाला मी एवढंच कळवणार आहे की आमच्याकडच्या खजिन्याला मालकी हक्काचा उतारा मिळतो, त्याच्याकडच्याला मिळत नाही. तो यावर नक्की काहीतरी चावट उत्तर देईल.

तुम्हाला मात्र विचारायचं राहिलंय. ती पावणेदोन गुंठ्यांखालची जमीन शेतीची. आपल्या तुकडेबंदी कायद्यात दहा-वीस गुंठ्यांच्या खालचा तुकडा विकता येत नाही ना? मग सरकारनेच लिलाव केला तर ही अट लागू होते की नाही? आणि कूळ कायद्याच्या त्रेसष्ट कलमाप्रमाणे घेणारा शेतकरी हवा. दिल्लीच्या वकिलांनी कुठल्या गावचा दाखला जोडायचा? त्या गावच्या तलाठ्यापुढे उद्या हा फेरफार आला, तर तुम्ही तो प्रमाणित करायला मंडळ अधिकाऱ्याकडे पाठवला असतात की शेरा मारून परत केला असतात?

उत्तर दापोलीच्या पत्त्यावर पाठवा, रविवारपर्यंत मी तिथेच आहे. शेऱ्याची भाषा तुमचीच असू द्या, मला ती वहीत लिहून ठेवायचीय.

तुमची
सुमा