सुम्या, राणी आणि गुलामाची थाप

शनिवारी रात्री आमच्याकडे पोकर असतो. आमच्याकडे म्हणजे माझ्या कोथरूडच्या फ्लॅटवर, डायनिंग टेबलावर जुनी चादर टाकून. चार भिडू, प्लास्टिकच्या चिप्स आणि पैसे अजिबात नाहीत. (चौघांतले दोघे पूर्वी मोबाईलवर पैसे लावून खेळायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हापासून ते आमच्यासारख्या फुकट्यांत येऊन पडले.) नियम एकच. रात्री उठताना ज्याच्याकडे सगळ्यात कमी चिप्स, त्याने रविवारी सकाळी बाकीच्यांना मिसळ खिलवायची.

या टेबलावर सुम्या नावाचा एक प्राणी आहे. सुम्या फोल्ड करत नाही. पोकर न खेळणाऱ्यांसाठी : समोरच्याने पैज लावली की तेवढ्याच चिप्स टाकून पानं बघणं म्हणजे कॉल, आणि आपली पानं टाकून देणं म्हणजे फोल्ड, तीन पत्तीतला पॅक. दुर्री-सत्ती असली तर सुम्याही निमूट टाकतो. पण एकदा का हातात बरी जोडी आली आणि समोरून कुणी चिप्स ढकलल्या, की हा मान तिरकी करणार, "बघूच!" म्हणणार आणि कॉल करणार. समोरचा थापच मारतोय याबद्दल त्याची ठाम खात्री असते.

एका शनिवारी मी खरोखरच थाप मारत होतो. हातात काही नव्हतं, टेबलावर मात्र असे पत्ते होते की सरळ माझा फ्लश दिसावा. मी निम्म्याहून जास्त चिप्स ढकलल्या. सुम्याकडे नव्व्यांची जोडी. बघूच! झालं, मी साफ.

"अरे, चुकीचं खेळलास तू," मी चिडून म्हणालो.

"जिंकलो ना?"

"जिंकलास, पण चुकीचं खेळून."

"मग बरोबर काय ते कुणी ठरवलंय?"

च्यायला, प्रश्न तर रास्त होता. मिसळ मलाच द्यावी लागली आणि प्रश्न डोक्यात राहिला.

बुद्धिबळात हा प्रश्न सोपा आहे. म्हणजे उत्तर अवघड, पण प्रश्न सोपा. सगळा पट उघडा असतो, तेव्हा प्रत्येक स्थितीत उत्तम खेळी असणारच, ती कुणाला सापडो न सापडो. पोकरमध्ये अर्धी पानं झाकलेली आणि समोरचा माणूस खोटं बोलणारा. अशा खेळात 'बरोबर' असं काही असतं का, यावर जॉन फॉन नॉयमनने १९२८ मध्येच डोकं चालवलं होतं. पुढे १९४४ मध्ये मॉर्गेनस्टर्नबरोबर त्याने जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात पोकरवर वेगळा विभाग आहे. त्याने खेळाचं एक सोपं रूप घेऊन गणित मांडलं, आणि उत्तर गमतीशीर आलं. पैज उत्तम पानांवर लावायची आणि अगदी भिकार पानांवरही लावायची. मधल्या पानांवर गप्प बसायचं. म्हणजे थाप हा स्वभावाचा भाग नव्हेच, गणितातूनच ती बाहेर पडते.

हे वाचून मान डोलावणं वेगळं आणि पटणं वेगळं. आपण पडलो प्रोग्रामर, कोड चालल्याशिवाय काही पटत नाही. म्हणून पुढच्या वीकांताला बसलो. हॅरॉल्ड कून नावाच्या गणितज्ञाने १९५० मध्ये एक चिमुकला पोकर तयार केला होता. सगळ्या कॅटमध्ये तीनच पानं : राजा, राणी, गुलाम. दोन भिडू, एकेक पान. दोघांनी आधी एकेक चिप मध्ये टाकायची. मग पैज लागलीच तर एका चिपेची. बस्स, एवढाच खेळ.

प्रोग्राम शंभरेक ओळींचा झाला. पद्धतीचं नाव भारदस्त आहे, काउंटरफॅक्च्युअल रिग्रेट मिनिमायझेशन. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या मंडळींनी २००७ मध्ये ती मांडली. मी तिला चुटपुट-पद्धत म्हणतो. प्रोग्राम स्वतःशीच खेळतो आणि प्रत्येक डावानंतर हिशोब करतो, की इथे मी दुसरं काही केलं असतं तर किती जास्त मिळालं असतं? ती चुटपुट साठवतो. ज्या चालीची चुटपुट जास्त, ती पुढच्या वेळी जास्त खेळतो. थापेबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. चहा करून येईपर्यंत लाखभर डाव झाले होते, आणि दुसऱ्या नंबरचा भिडू हातात गुलाम असताना, म्हणजे हरण्याची शंभर टक्के खात्री असताना, तीनातून एकदा पैज लावत होता! पोरगं आपोआप खोटं बोलायला शिकलं म्हणून इतका आनंद फार कमी बापांना झाला असेल.

बरं, हा एक-तृतीयांश कुठून आला? समजा तुमच्याकडे राणी आहे आणि तुम्ही पैज न लावता डाव पुढे सरकवलात. समोरच्याकडे राजा किंवा गुलाम, दोन्हींची शक्यता सारखी. राजा असेल तर तो नेहमी पैज लावणार. गुलामावर तीनातून एकदा. म्हणजे त्याच्या चार पैजांतल्या तीन खऱ्या आणि एक थाप. तुम्ही दर वेळी कॉल केलात, तर तीनदा एकेक चिप गेली आणि एकदा मधल्या तीन चिप्स मिळाल्या. फिट्टंफाट. दर वेळी फोल्ड केलंत तरी हिशोब तोच. तुम्ही काहीही करा, त्याला फरक पडत नाही. 'बरोबर' खेळणं म्हणजे हे : समोरच्याने काहीही केलं तरी आपलं बूड सुरक्षित.

खऱ्या पोकरचंही असं उत्तर निघालंय का? एका प्रकाराचं निघालंय. दोघांनीच खेळायचा, पैजेचा आकडा ठरलेला टेक्सास होल्डेम हा प्रकार अल्बर्टाच्याच लोकांनी जवळजवळ पूर्ण सोडवला आणि जानेवारी २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये छापला. ४,८०० प्रोसेसर ६८ दिवस चालवले. त्यात जी त्रुटी उरली ती इतकी बारीक, की माणूस जन्मभर खेळला तरी तिचा फायदा झाला असं छातीठोक सांगता येणार नाही. मग जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत लिब्राटस नावाचा प्रोग्राम चार पट्टीच्या व्यावसायिकांशी, एकेकाशी स्वतंत्र, २० दिवसांत १,२०,००० डाव खेळला. इथे पैजेला मर्यादा नव्हती. शेवटी त्याच्याकडे सुमारे साडेसतरा लाख डॉलरच्या चिप्सची आघाडी होती. (त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : दिवसभर ही माणसं त्याच्या खेळातली भोकं शोधायची, आणि रात्री तो तीच बुजवत बसायचा. आमच्या प्रॉडक्शन सपोर्टला असा माणूस मिळाला तर काय बहार येईल!)

म्हणजे सुम्या चूक, मी बरोबर? मीही तसंच समजून होतो. मग ती राणी पुन्हा डोळ्यांसमोर आली. त्या चिमुकल्या खेळात राणी हातात धरून दर वेळी "बघूच" म्हणणाऱ्याला तोटा शून्य आहे. 'बरोबर' खेळणारा त्याच्याकडून एक चिपही जास्त कमावत नाही. खऱ्या पोकरमध्ये लोक याहून ढोबळ चुका करतात, आणि त्यातून बरोबर खेळणाराही कमावतोच. पण कुणाची सवय हेरून तिचा फायदा घ्यायचा तर स्वतःला थोडं 'चुकीचं' व्हावं लागतं. सुम्यासमोर कसं चुकीचं व्हायचं ते उघड होतं. गुलामाची थाप बंद. त्याच्याविरुद्ध चिप्स ढकलायच्या त्या फक्त राजा असतानाच.

मी एक्सेल शीट केली. खोटं कशाला बोला, चौघांचीही सवय टिपून ठेवली होती, पण सुम्याचा कॉलम सगळ्यात भरला. पुढच्या बारा शनिवारांत त्याच्याविरुद्ध एकही थाप मारली नाही. बारापैकी आठ मिसळी सुम्याने दिल्या.

मिसळीचे पैसे त्याला जड नव्हते. पण नवव्या-दहाव्या आठवड्यापासून तो "बघूच" जरा हळू म्हणायला लागला. कॉल करायचा, माझी पानं बघायचा आणि "हं" एवढंच. मग एक मेसेज आला, या शनिवारी जमणार नाही रे. पुढच्याही शनिवारी जमलं नाही.

एक गोष्ट आम्हा तिघांना माहीत होती आणि टेबलावर कुणी काढत नसे. सुम्याने सहा वर्षांपूर्वी फ्लॅट बुक केला होता. बिल्डर दर दिवाळीला "पुढच्या दिवाळीत ताबा" सांगत राहिला आणि हा दर दिवाळीला गप्प बसला, म्हणजे पोकरच्या भाषेत फोल्ड करत गेला. इमारत अजून चौथ्या मजल्यावर आहे. हप्ते आणि भाडं दोन्ही चालू. त्यानंतर सुम्या कुणाचंच ऐकून पानं टाकत नाही. हे मला माहीत होतं. शीटमध्ये लिहायची गरज पडली नाही, इतकं माहीत होतं.

फॉन नॉयमनच्या गणितात दोन भिडू असतात, आणि एकाचं जाईल तेवढंच दुसऱ्याला मिळतं. दोनाचे तीन झाले की ती 'बूड सुरक्षित'ची हमीच जाते. २०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवलं खरं, पण सिद्धतेची हमी त्याच्याही पाठीशी नव्हती. आणि आमच्या टेबलावर सुम्याची खुर्ची रिकामी होती. ते कुणाच्या चिपांत मोजायचं?

तिसऱ्या शनिवारी दुपारी त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. शीट, राणी, गुलाम, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे इतके दिवस तू माझ्याशी खरं बोलत होतास," तो म्हणाला, "आणि मी विश्वास ठेवत नव्हतो?"

मी या बाजूने कधी विचारच केला नव्हता.

"बरं झालं सांगितलंस," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आता तू थाप मारायला लागणार."

त्या रात्री तो आला. शीट मी दुपारीच डिलीट केली होती आणि ठरवलं होतं, की आता सगळ्यांशी 'बरोबर' खेळायचं, माणूस बघून नाही. त्यात एक अडचण असते. तीनातून एकदा म्हणजे नेमकं कधी, हे माणसाला ठरवता येत नाही. आपण समोरचा चेहरा बघतोच. म्हणून अनेक खेळाडू घड्याळाचा आधार घेतात, तसा मीही घेतला. सेकंदकाटा बारा ते चारच्या मध्ये असेल तर थाप, नाहीतर नाही.

अकराच्या सुमाराला मोठा डाव जमला. उरलो मी आणि सुम्या. शेवटचं पान पडलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, काटा दोनवर. चिप्स ढकलल्या.

सुम्याने मान तिरकी केली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. बाकीचे दोघे "बघूच" ऐकायला टपलेले.

"खरं असणार," तो म्हणाला आणि त्याने पानं टाकली.

जाताना एक राणी उताणी पडली. जोडी होती त्याची. माझ्याकडे अठ्ठी आणि पंजी, ना जोडी ना काही. पानं दाखवायची सक्ती नसते. मी ती तशीच कॅटमध्ये सारली आणि पिसायला घेतली. सुम्या खुशीत होता. "बघ, शिकलो की नाही?" असं दोनदा म्हणाला. शेवटी मिसळ तिसऱ्याच कुणावर गेली.

घड्याळाचं अजून त्याला सांगितलेलं नाही.