माळ्यावरचं सामान

परवा मीटिंगमध्ये टीममधल्या एका नव्या पोराने विचारलं, "जुन्या ऑर्डरी पण हलवायच्या का? कोण बघतंय त्या?" मी एकदम गप्प झालो. कारण अगदी हेच वाक्य २०२० साली मी म्हटलं होतं...

तर झालं असं. क्लायंटचं दुकान स्वयंपाकघरातल्या यंत्रांचं आणि त्यांच्या सुट्या भागांचं. मिक्सर, मिक्सरची भांडी, कपलर, कुकरच्या रिंगा, शेगडीचे बर्नर. ऐंशी हजारांच्या आसपास वस्तू, २०११ पासूनचा धंदा, सगळा मॅजेन्टो १ वर. मॅजेन्टो २ आलं २०१५ सालीच, पण 'चालतंय ना, मग चालू दे' या न्यायाने सगळे निवांत होते. मग जाहीर झालं की ३० जून २०२० नंतर जुन्या आवृत्तीला सिक्युरिटी पॅच मिळणार नाहीत. पैसे घेणाऱ्या साइटला पॅच नाही म्हणजे रात्री कुलूप न लावता दुकान सोडून जाण्यासारखंच. हलणं भाग होतं. त्यात लॉकडाऊन. सगळी टीम आपापल्या घरी, आणि मी डायनिंग टेबलावर!

नाव एकच असलं म्हणून १ वरून २ वर जाणं म्हणजे नुसतं अपग्रेड नव्हे. थीम नवी, एक्स्टेन्शन्स नवी, डेटा उचलून न्यायचा. आणि मॅजेन्टोचा डेटा म्हणजे काय प्रकार आहे! एकाच मिक्सरचं नाव एका टेबलात, किंमत दुसऱ्या, वर्णन तिसऱ्या. हलवायला त्यांचंच टूल होतं. आधी सेटिंग्ज, मग डेटा, आणि शेवटी डेल्टा. म्हणजे मोठं सामान हलवेपर्यंत जुन्या दुकानात जी नवी गिऱ्हाइकं येतात, त्यांच्या ऑर्डरी मागाहून न्यायच्या. म्हणजे दुकान फार वेळ बंद ठेवावं लागत नाही.

मला भीती होती ती पासवर्डची. २०१४ च्या फेब्रुवारीत मार्क्स अँड स्पेन्सरने आपली साइट अॅमेझॉनच्या प्लॅटफॉर्मवरून स्वतःच्या नव्या प्लॅटफॉर्मवर नेली. साठ लाख नोंदणीकृत ग्राहकांना नव्याने नोंदणी करावी लागली, आणि नंतरच्या एप्रिल ते जून तिमाहीत त्यांची ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. एकमेव कारण तेच होतं असं नाही, पण मी तो धसका घेतला होता. सुदैवाने मॅजेन्टो २ ला जुना हॅश ओळखता येतो. ग्राहक जुन्याच पासवर्डने आत येतो आणि त्या वेळी त्याचा हॅश गुपचूप नव्या पद्धतीचा होतो. जुने पत्ते ३०१ ने नव्या पत्त्यांकडे वळवले. डीएनएसचा टीटीएल आठवडाभर आधी पाच मिनिटांवर आणला. सगळं कसं शिस्तीत.

अडलं एकाच ठिकाणी. पहिल्या रंगीत तालमीला २६ तास लागले. सगळ्यात जड होती ऑर्डरींची टेबलं. मी सुचवलं, तीन वर्षांच्या आधीच्या ऑर्डरी सोडून देऊ. हिशेबाच्या नोंदी अकाउंटिंगमध्ये वेगळ्या आहेतच. क्लायंटच्या कस्टमर केअरच्या मॅडमनी कॉलवर हळूच विचारलं, "सर, लोकांना त्यांच्या जुन्या ऑर्डरी दिसतील ना?" आणि मी म्हणालो, "मॅडम, कोण बघतंय त्या?" सगळे हसले. त्याही हसल्या. पुढच्या तालमीला नऊ तास लागले आणि मी स्वतःवर खूश!

जूनमधल्या एका शनिवारी रात्री दोन वाजता आम्ही स्विच केलं. रविवारभर सगळे आलेख हिरवे. विक्री नेहमीसारखी, एरर नाहीत. मी दुपारी वरण-भात खाऊन चक्क झोपलो.

सोमवारी मॅडमचा फोन. "सर, एका काकांशी जरा बोलता का? मला त्यांना नीट सांगता येत नाहीये."

काका नाशिकचे. म्हणाले, "अहो, माझा मिक्सर २०१३ चा. खालचं लेबल केव्हाच पुसलंय. कपलर गेला की मी तुमच्या साइटवर माझी जुनी ऑर्डर उघडतो, त्यात मॉडेल नंबर असतो. आता ते पानच कोरं दिसतंय. सर्व्हिस सेंटर बंद आहे. आईला दात नाहीत हो, सगळं मिक्सरमधून काढूनच द्यावं लागतं."

मला काय बोलावं सुचेना. ज्याला मी कचरा म्हणालो होतो, ती त्या माणसाची मिक्सरची वही होती. आणि सुट्या भागांच्या दुकानात जुनी ऑर्डरच सगळ्यात कामाची, हे मला सुचू नये? त्या आठवड्यात असे ४३ फोन आले. मॅडमनी एका वहीत एकेक लिहून ठेवले होते. आमच्या एकाही आलेखात यातलं काही दिसलं नव्हतं. न झालेली विक्री आलेखात कशी दिसणार?

नशीब, जुना डेटाबेस पुसला नव्हता. काकांचा मॉडेल नंबर त्यातून हाताने शोधून लगेच मॅडमना दिला. मग चार रात्री बसून एक साधं पान केलं, 'जुनी खरेदी'. तारीख, वस्तूचं नाव, मॉडेल नंबर. बदल काही करता येत नाही, नुसतं बघायचं. तेवढंच लागत होतं लोकांना. आणि तेवढंच नेलं असतं तर तालमीचे ताससुद्धा फारसे वाढले नसते, हे मला नंतर कळलं.

घर बदलताना आई माळ्यावरचं एकेक गाठोडं उतरवून विचारायची, "हे कोणाचं आहे?" टाकायचं की ठेवायचं हे नंतर. मी थेट टाकायच्या ढिगापासून सुरुवात केली होती.

असो. परवा त्या पोराला मी लेक्चर दिलं नाही. नव्या क्लायंटच्या कस्टमर केअरचा नंबर दिला आणि म्हटलं, आधी दोन दिवस यांच्याशेजारी बसून फोन ऐक, मग सांग काय सोडायचं ते. काल त्याची यादी आली. 'सोडायचं' या रकान्यात दोनच ओळी होत्या.