जिना, दार आणि हजेरीपट

शाळा-महाविद्यालयाची इमारत आणीबाणीत रिकामी करताना सगळा वेळ जिन्यावर जाईल असे वाटते. त्यातला बराचसा मात्र जागेवरून उठण्यातच जातो. घंटा खरी की सरावाची याची खात्री करायला कोणी तरी कार्यालयात डोकावतो, तोवर मुले दप्तरे भरत राहतात. म्हणून धोक्याची घंटा तास संपल्याच्या घंटेहून वेगळी असावी लागते. ती ऐकताच, मुख्याध्यापकांच्या निरोपाची वाट न पाहता, वर्ग उठवण्याचा अधिकार शिक्षकाकडे हवा. प्रयोगशाळेत गॅसचा नळ आणि मुख्य बटण बंद करून निघायचे. दप्तरे जिथल्या तिथे.

जिन्याचे गणित सोपे आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार शैक्षणिक इमारतीत जिना किमान दीड मीटर रुंद लागतो आणि माणशी १० मिलिमीटर रुंदी धरली जाते. म्हणजे एका जिन्याला १५० जण. मजल्यावर साठ-साठ मुलांचे पाच वर्ग असतील तर असे दोन जिने हवेत, आणि दोन्ही उघडे हवेत. नकाशात ते असतात. प्रत्यक्षात मागच्या जिन्याखाली मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिका आणि स्नेहसंमेलनाचे पडदे साठतात. परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून तिथल्या चॅनेल गेटला कुलूप बसते आणि किल्ली असते शिपायाच्या खिशात. तो चहाला गेलेला नसला म्हणजे मिळवली. त्यातून घाबरलेला माणूस ज्या वाटेने आला त्याच वाटेकडे धावतो. रोजच्या वापरात नसलेला जिना आयत्या वेळी कोणाला आठवत नाही, त्यामुळे एरवीही निम्म्या वर्गांची ये-जा मागूनच ठेवणे हा सर्वात स्वस्त उपाय ठरतो.

जिना एकच असला की काय होते, हे २४ मे २०१९ रोजी सुरतेत दिसले. तक्षशिला संकुलाच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गाला आग लागली, वर जाणारा लाकडी जिनाच जळाला आणि मुलांनी खाली उड्या टाकल्या. २२ विद्यार्थी दगावले. जिना नसलेल्या जागीही बाहेरची वाट अपुरी पडली की तेच होते: हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या वार्षिक समारंभाचा मंडप पेटला आणि ४४२ जणांचा बळी गेला.

आगीत ज्वाळेआधी धूर गाठतो. तो वर चढतो, म्हणून जमिनीलगत वाकून चालायचे आणि खोली सोडताना दार ओढून घ्यायचे. बंद दार धुराला काही मिनिटे अडवते. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे, नाही तर मागच्या रेट्याने ते मिटूनच राहते. लिफ्ट वापरायची नाही. चाकाच्या खुर्चीतील विद्यार्थ्यासोबत कोण थांबणार आणि त्याला कोण उतरवणार, ही नावे आधीच ठरलेली असावीत. भूकंपात क्रम उलटा असतो: हादरे चालू असताना जिन्याकडे धावायचे नाही, बाकाखाली डोके झाकून बसायचे आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडायचे.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. खिशातल्या किल्लीची तपासणी मात्र कवायतीतच होते, तीही कवायत आधी न सांगता घेतली तरच.

मैदानात जमायची जागा इमारतीपासून दूर आणि बंबाची वाट मोकळी ठेवणारी असावी. तिथे वर्गवार हजेरी घेतली जाते. त्यासाठी शिक्षकाने हजेरीपट तेवढा सोबत आणायचा. कोण कमी आहे आणि शेवटचा कुठे दिसला, हे अग्निशमन दलाला लगेच सांगायचे. दलाचा अधिकारी परवानगी देईपर्यंत विसरलेल्या मोबाइलसाठीही कोणी आत जायचे नाही.