उष्टं

"घरच्या माणसाला कशाला?" एवढं म्हणून ती चहा फुंकत राहिली. गिऱ्हाईक असेल तर निरोधाशिवाय नाही, तिथं ती कुणाचं ऐकत नाही. घरचा माणूस म्हणजे लग्नाचाच असं नव्हे. गर्द आणून देतो, नशा उतरून टर्की लागली की पाय दाबतो, रात्री फुटपाथवर रस्त्याच्या बाजूला झोपतो. सुई एकच. आधी तो, मग तिला तोच टोचतो. गर्दानं पाळी थांबलीय, तेव्हा दिवस राहायचे नाहीत, असा तिचा हिशेब. राहू शकतात, मी सांगितलं. तिनं मान डोलावली, भाजीवाल्यानं भाव सांगितल्यावर डोलवावी तशी.

मला आठवत राहिलं ते आजीचं ताट. आजोबा उठले की ती त्यांच्याच ताटात वाढून घ्यायची. "नवऱ्याचं उष्टं ते उष्टं नव्हे." आजोबाही कडेला बोंबलाचा एक तुकडा ठेवून उठायचे, न बोलता. ही भक्ती, प्रेम, की घासायला एक ताट कमी? काकूचं मत तिसरं. मला कधी वाटतं, त्या तुकड्याखेरीज आजीच्या वाट्याला बोंबील यायचाच नाही. गर्द ज्याचं त्याची सुई आधी, हेही तसलंच काही असेल. किंवा नसेल, पाय दाबणारा तोच आहे.

निरोधाची गंमत अशी, की 1968 साली सरकारनं तो आणला नवराबायकोसाठीच, 15 पैशांना 3. मग 1986 मध्ये मद्रासला एचआयव्ही सापडला, आणि पुढे आपणच निरोध 'बाहेरच्या' बाईच्या दारी नेऊन ठेवला. आता घरात काढला की आधी संशय येतो.

आजोबांना क्षय झाला तेव्हा आजीनं त्यांचं ताट वेगळं केलं. क्षय ताटातून पसरत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तो हवेतून पसरतो, आणि खोली तर दोघांची एकच राहिली. म्हणजे जिथं धोका होता तिथं ती रोज झोपत होती, आणि जिथं नव्हता तिथं तिनं त्यांना वेगळं काढलं. आजोबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तुकडा मात्र ठेवत राहिले, त्या वेगळ्या ताटात, कडेलाच.

ताट मोरीत यायचं तेव्हा तो नसायचा. घरात मांजर होतं.