विंचू रात्री चावतो

पोलादपूर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्राच्या सेवेसाठी रुजू झाले, तेव्हा भातकापणी सुरू होती. पेंढा उचलताना, गडग्याचा दगड हलवताना माणसांना विंचू चावत. एका रात्री वाडीवरून आजी नातवाला घेऊन आली. पोर घामाने थबथबलेलं, उलट्या थांबेनात. ‘‘मॅडम, मघा लई रडत होता, आता गप झालाय,’’ आजी म्हणाली. सिस्टरांनी त्याचे तळवे चाचपले, ‘‘गार आहेत,’’ म्हणाल्या आणि मी मागायच्या आत प्राझोसिनच्या गोळ्या काढल्या. वजनाप्रमाणे डोस दिला, तीन तासांनी पुन्हा. पहाटे हातपायांत ऊब आली.

सिस्टरांना हे कळत होतं, कारण हा उपचार याच भागात घडला. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के तेव्हा दगावत. रुग्णांच्या उशाशी रात्री काढून त्यांनी विषाचा मार्ग टिपला: रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यांनी इथे वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणं छापली, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मला मात्र विंचूदंश भेटला तो न्यायवैद्यकाच्या पेपरातली एक टीप म्हणून. वॉर्डात असा रुग्ण पहिल्या तासात पाहायला मिळालाच नाही. तो तास वाडीवर आणि रस्त्यावर जातो. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, पुढे विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घेण्याचा उपक्रमही. तो मला मनापासून पटतो. पण दिवसा जाऊन रक्तदाब मोजायचा, फॉर्म भरायचा आणि संध्याकाळच्या आत परतायचं, एवढ्यावर तो थांबला तर काय शिकणार?

आता अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलामुलींना कापणीच्या दिवसांत पंधरवडाभर महाड-पोलादपूरच्या केंद्रांत रात्रपाळीला ठेवावं, आणि त्याचे गुण अंतिम परीक्षेत धरावेत. परीक्षकांमध्ये एक जुनी सिस्टर असावी. तिने विचारावं: गोळी दिली, रात्रीचे दोन वाजलेत, घाटातून महाडला पाठवायचं की इथेच थांबवायचं, आणि का?